ऑफ रोड बग्गी आणि बीचवर घोडेस्वारी एकाच दिवशी: बुकिंगपासून दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीपर्यंत सगळं

समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत एक पॅकेज हमखास समोर येतं, अर्धा दिवस कच्च्या रस्त्यावर बग्गी नाहीतर एटीव्ही चालवायची, अर्धा दिवस बीचवर घोडा, सोबत गाईड, आणि खाली लिहिलेलं असतं "अनुभवाची गरज नाही". हे खरंय पण अर्धंच. गाडी किंवा घोडा तुम्हाला आधीपासून यायची गरज नाही, शिकवणं आणि सांभाळून नेणं हे गाईडचं काम. पण समोरचा गाईड धड आहे का नुसता वेळ मारून नेतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे, आणि कुठे सरळ "नको" म्हणायचं हेही. ज्यांनी आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही त्यांना डोळ्यासमोर ठेवून सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी भरती ओहोटी बघा, मग वेळ ठरवा

सगळे पहिला प्रश्न विचारतात पिकअप किती वाजता. तो नंतर विचारा. आधी त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे ते बघा, टाईड टेबल ऑनलाईन फुकट मिळतं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीपासून ओहोटीला सहा तासांच्या थोडं वर, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं जवळपास ५० मिनिटं उशिरा होतं. त्यामुळे जो ऑपरेटर वर्षभर रोज ठरलेल्या एकाच वेळी घोडे काढतो त्याचा बीच एकतर प्रचंड रुंद असेल, नाहीतर बऱ्याच दिवशी तो तुम्हाला वरच्या भुसभुशीत वाळूतूनच फिरवून आणत असेल.

वाळू कुठली आहे यावर सगळं अवलंबून आहे. वरची कोरडी वाळू खोल असते, खूर रुततात, घोड्याच्या पायाच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) ताण येतो आणि तो लवकर दमतो. अगदी पाण्याच्या काठची वाळू काही ठिकाणी मऊ आणि खड्ड्याखड्ड्यांची असते. मधला जो ओला, घट्ट, दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल असा पट्टा असतो ना, तो पाहिजे, आणि तो पाणी उतरल्यावरच नीट उघडा पडतो. अमावस्या पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी वरपर्यंत चढतं आणि तितकंच लांब मागे जातं, म्हणजे वेळ साधली तर मैदानासारखा बीच आणि चुकली तर बीचच नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा भरती ओहोटीतला फरक कमी. सगळ्यात बरं म्हणजे पाणी उतरत असताना निघायचं आणि परत चढायला लागायच्या आत मागे यायचं. वाटेत एखादं खडकाळ टोक ओलांडून पलीकडे जायचं असेल तर स्पष्ट विचारा, भरती लागली तर परतायला दुसरी वाट आहे का.

आधी घोडा का आधी गाडी? ओहोटी जमत असेल तर आधी घोडा, माझं मत पक्कं आहे. सकाळी ऊन कमी, बीचवर गर्दी कमी. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, दोन तास खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग धरून हात आखडतात, मुठी घट्ट होतात, आणि तसल्या मुठीत लगाम दिला की प्रत्येक हिसका थेट घोड्याच्या तोंडात जातो. उलट क्रमात त्रास कमी, घोड्यावरून मांड्या दुखत आल्या तरी बग्गीत सीटवरच बसायचंय.

२. पैसे भरायच्या आधी फोनवर काय विचारायचं

गाडी कुठली ते विचारा कारण जाहिरातीत सगळ्याला एकच नाव लावतात. एटीव्ही म्हणजे क्वाड, मोटरसायकलसारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, हँडल आणि अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल म्हणजे वेग वाढवायचा खटका, आणि तुमच्या अंगाचा तोल हाच अर्धा कंट्रोल. बग्गी म्हणजे शेजारी शेजारी सीट, स्टिअरिंग, पेडल, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा. पहिल्यांदा जात असाल, सोबत मुलं किंवा वयस्कर कोणी असेल तर बग्गीच घ्या. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात, मागे कोणाला बसवलं की वजन मागे जातं आणि चढावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे कंपनीने दोन सीटची म्हणूनच बनवलेली नसेल तर "बसा हो मागे, काही होत नाही" याला हो म्हणू नका. मुलांच्या हातात तर हँडल देऊच नका, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाच आहे की १६ वर्षांखालच्यांनी एटीव्ही चालवू नये. बग्गीत प्रवासी म्हणून बसणाऱ्या मुलाची पाठ सीटला टेकून पाय खाली फ्लोअरला पूर्ण टेकले पाहिजेत, ते टेकत नसतील तर बेल्ट असूनही उपयोग नाही.

मग घोड्यांबद्दल एकच प्रश्न, वजनाची मर्यादा किती. उत्तरात आकडा आला पाहिजे. "सगळे बसतात, टेन्शन नका घेऊ" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. साधारण धरलं जातं की घोड्याने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं न्यावं, आणि त्यात खोगीरही आलं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ आणि ३० टक्के वजनाला घोड्यांच्या हृदयाचे ठोके आणि स्नायूंवरचा ताण स्पष्ट वाढलेला दिसला होता. म्हणजे ४५० किलोचा घोडा असेल तर ९० किलो, त्यातून खोगीर दहा बारा किलो वजा करा, उरतं ते तुमचं. छोट्या चणीच्या घोड्याला अजून कमी. वजन जास्त असेल तर लाजायचं काही कारण नाही, चांगल्या ठिकाणी मोठे घोडे ठेवलेले असतात आणि नसतील तर ते सरळ नाही म्हणतात, तसं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवावा.

अजून विचारायचं ते पटकन सांगतो. गाईड किती, एक पुढे आणि एक मागे पाहिजे. गाडीसाठी लायसन्स लागतं का. गाडीला काही झालं तर डिपॉझिटमधून किती कापणार, आणि हे लेखी द्या म्हणा. तुमचा ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर पॉलिसी उघडून बघा, खूप पॉलिसींमध्ये एटीव्ही आणि घोडेस्वारी साध्या कव्हरमध्ये बसतच नाही, ॲडव्हेंचरचं वेगळं ॲड करावं लागतं.

फॉर्म भरताना खरं लिहा. लहानपणी फोटोसाठी घोड्यावर बसलेल्या माणसाने "थोडा अनुभव आहे" वर टिक केली की त्याला थोडा अनुभव असलेल्या माणसाचा घोडा मिळतो, म्हणजे तेज. मग तो घोडा आणि तो माणूस दोघांची सकाळ वाईट जाते. गरोदर असाल, पाठीचा मणका किंवा मानेचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर हा प्लॅन सोडा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण डोक्याला लागलेला साधा मारही तेव्हा साधा राहत नाही.

३. कपडे

फुल पँट, शक्यतो आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली, कारण मांडी आणि पोटरी तिथेच घासते. बूट बंद, छोटीशी टाच असलेले, सोल फार जाड नाही. टाच असते ती पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जाऊ नये म्हणून, घोड्यावरून पडल्यावर पाय अडकून फरफटत जाणं ही सगळ्यात भयानक गोष्ट आणि ती एका बुटाने टळते. जाडजूड ट्रेकिंग बूट उलट रिकिबीत अडकतात. चप्पल घालून आलेल्याला घोड्यावर बसवणारा गाईड बाकी काय बघत असेल याचा विचार करा.

ओढणी, स्कार्फ, लोंबणारी पिशवी नको, गाडीतही नको आणि घोड्यावरही नको. अंगठ्या काढून ठेवा. केस मागे घट्ट बांधा. धुळीसाठी तोंडावर कापडी बफ आणि डोळ्यांना गॉगल, कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा बरा, मागून पट्टी लावून. मोबाईल चेनच्या खिशात.

हेल्मेट दोन वेगळे लागतात. घोड्याचा वेगळा, आत लेबलवर ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ११६३ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल, आणि गाडीचा मोटरसायकलवाला. एकच हेल्मेट दोन्हीकडे देत असतील तर ती कंजुषी तुमच्या डोक्यावर चाललीय. पट्टा लावून डोकं जोरात हलवा, हेल्मेट फिरला तर साईज बदलून मागा.

४. घोडा: बसायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा

घोड्याच्या फासळ्या लांबून मोजता येत असतील तर तो उपाशी किंवा आजारी. घोड्याची तब्येत मोजायची १९८३ पासूनची हेनेके स्केल आहे, १ ते ९, त्यात मधल्या ५ ला फासळ्या दिसत नाहीत पण हात फिरवला तर सहज लागतात, असा घोडा पाहिजे. तंग म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, तो बांधतात तिथे, पाठीवर आणि तोंडाच्या कोपऱ्यात जखमा आहेत का बघा. गाईडला म्हणा जरा हळू पळवून दाखव, तेव्हा एकाच पुढच्या पायावर वजन आलं की दरवेळी डोकं झटकन वर जात असेल तर तो पाय दुखत असावा. उभ्या घोड्याने मागचा एक पाय सैल सोडला असेल तर घाबरू नका, तो आराम करतोय, पण पुढचा पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल तर गडबड आहे. सावली आणि पाणी आहे का तेही बघून घ्या. यातलं काही खटकलं तर दुसरा घोडा मागा, आणि सगळेच तसे असतील तर बीचवर पायी चालायलाही मजा येते.

जवळ जाताना बाजूने, खांद्याच्या दिशेने, काहीतरी बोलत जा. घोड्याला जवळपास ३५० अंश दिसतं पण अगदी मागे आणि कपाळाच्या अगदी समोर दिसत नाही, त्यामुळे मागून गेलात की लाथ आणि समोरून एकदम हात नेला की दचकणार. कान मागे चपटे केले असतील तर थांबा.

चढायचं डाव्या बाजूने, आणि ओटा किंवा स्टूल असेल तर त्यावरूनच, त्यात कमीपणा नाही, घोड्याच्या पाठीला त्रास कमी होतो. आधी गाईडला तंग तपासायला सांगा. डाव्या हातात लगाम आणि आयाळीची मूठ, डाव्या पायाचा चवडा रिकिबीत, उजवा पाय घोड्याच्या मागच्या भागाला न लागता पलीकडे, आणि खाली हळू बसा, धप्पकन नाही. रिकिबीची लांबी मोजायची सोपी युक्ती आहे, बोटांची टोकं रिकिबीचा पट्टा खोगिराला जिथे अडकवतात तिथे ठेवा, रिकीब ताणून काखेत आली की साधारण बरोबर. पाच दहा मिनिटं चालल्यावर तंग परत तपासायला लावा, बरेच घोडे बांधताना पोट फुगवतात आणि नंतर तंग ढिला पडतो. हे जो गाईड न सांगता करतो तो चांगला, याच्याइतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, कशी पाहिजे, तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत, टाच खाली दाबलेली, नजर पुढे. खाली घोड्याच्या मानेकडे बघत बसलं की अंग पुढे झुकतं आणि तोल जातो. लगाम हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. थांबवताना ओढ आणि सोड, ओढ आणि सोड, सतत ताणून धरला की घोडा उलट तोंड वर करून त्यालाच रेलतो. बीचवर जायच्या आधी मोकळ्या जागेत प्रत्येकाकडून चालवणं, वळवणं आणि थांबवणं करून घेतलं पाहिजे. ते न करता थेट निघाले तर तिथेच म्हणा की आम्हाला आधी शिकवा.

रांगेत असताना अंतर किती, तर तुमच्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. शेपटीला लाल रिबीन बांधलेली असेल तो लाथ मारणारा आहे, त्याच्या मागे अजून लांब.

आता समुद्र. लाटा आल्या की घोडा आडवा सरकतो, ते नॉर्मल आहे, तुम्ही लाटेकडे बघत बसू नका, सरकत्या पाण्याकडे बघितलं की आपल्यालाच गरगरतं, लांब कुठेतरी नजर ठेवा. पाणी घोड्याच्या गुडघ्यापर्यंत पुरे. घोडा पुढच्या पायाने पाणी उडवायला लागला तर सगळ्यांना ते गोड वाटतं आणि फोटो काढत बसतात, पण तो आडवा पडून लोळायच्या तयारीत असू शकतो, तुम्ही वर बसलेले असताना. लगेच त्याचं डोकं वर घ्या, टाच लावा आणि पुढे काढा.

दुडकी चाल, म्हणजे हळू पळणं, सुरू झाली की हाडं खिळखिळी होतात, ती दोन ठेक्यांची चाल आहे, रिकिबीवर किंचित उठत बसत राहिलात तर बरं पडतं, नाहीच जमलं तर आयाळ पकडा, लगाम नाही. चौखूर पळवायचा मोह बीचवर सगळ्यांनाच होतो. त्याचा नियम असा की गाईडने आधी तुमची दुडकी बघितलेली असावी, घोडे शेजारी शेजारी लावू नयेत कारण मग ती रेस होते, आणि तबेल्याच्या दिशेने कधीच नाही, घराकडे तोंड केलेला घोडा तसाही थांबायला मागत नाही.

उधळलाच तर ओरडू नका. मागे रेलून बसा, टाचा खाली, एक हात आयाळीत आणि दुसऱ्या हाताने एकाच बाजूचा लगाम ओढत सोडत मोठ्या गोलात वळवा, एकदम झटक्यात वळवलं तर दोघंही पडाल. बाकीच्यांनी आपापले घोडे थांबवायचे, मागे पळवायचे नाहीत, पाठलाग झाला की पुढचा अजून जोरात पळतो. पडलात तर लगाम सोडून द्या आणि लांब लोळा. उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून बाहेर, गुडघे किंचित वाकवून उडी, आणि दोन मिनिटं पाय आपले वाटणार नाहीत.

५. गाडी

ताब्यात घ्यायच्या आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, ओरखडे, टायर, तुटलेलं प्लास्टिक, आणि हे त्यांच्या माणसासमोर काढा. बेल्ट घट्ट, आणि हात पाय पिंजऱ्याच्या आत. गाडी कलंडायला लागली की माणूस आपोआप हात बाहेर काढून आधार घ्यायला जातो आणि मग हात पिंजऱ्याखाली सापडतो, म्हणून आधीच मनाशी पक्कं करायचं, काहीही झालं तरी स्टिअरिंग किंवा आतला दांडा सोडायचा नाही. अंगठे स्टिअरिंगच्या आतून गुंडाळू नका, रिमवर वर ठेवा, चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग फटकन फिरतं आणि अंगठा मोडतो.

बऱ्याचशा बग्गी ऑटोमॅटिक असतात, आत बेल्टवर चालणारा सीव्हीटी गिअरबॉक्स. गिअरवर एच म्हणजे रोजचं, एल म्हणजे चढ, उतार, खोल वाळू. चढावर एच मध्ये हळूहळू रेटत राहिलं की बेल्ट घसरतो, गरम होतो, रबर जळल्याचा वास येतो आणि मग डिपॉझिटचा विषय निघतो.

ताफ्यात चालताना धूळ खाली बसेल इतकं अंतर ठेवा, आणि प्रत्येकाने मागची गाडी दिसतेय का बघत राहायचं, वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे कोणी हरवत नाही. वाटेत वाळूचा पट्टा लागणार असेल तर टायरमधली हवा कमी करतात, रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असलेली जीप वाळूसाठी १५ ते १८ वर आणतात कारण टायर पसरून जास्त जागेवर वजन टाकतो, एटीव्हीच्या टायरमध्ये तर मुळातच फक्त पाच सहाच्या आसपास असते. हे गाईड करेल, तुम्ही फक्त एकसारखा वेग ठेवा, मध्येच ब्रेक आणि परत जोरात असं नाही. थांबताना थ्रॉटल सोडा, गाडी वाळूत आपोआप थांबते, जोरात ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूचा ढीग जमतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबायचंच असेल तर उताराकडे तोंड करून. चाक जागेवर फिरायला लागलं की तिथेच थ्रॉटल सोडा, अजून दाबलं तर गाडी पोटावर बसेल, आपल्याच चाकोरीतून हळू मागे घ्या, नाही जमलं तर उतरा आणि गाईडला बोलवा. दोर लावून ओढत असताना बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं राहायचं, तुटलेला दोर कोणालाही ओळखत नाही.

टेकाडावर सरळ चढा, तिरकं नाही. अर्ध्यात दम सुटला तर वळवायचा प्रयत्न करू नका, ब्रेक दाबा, रिव्हर्स टाका आणि आलात तसेच सरळ मागे उतरा. उतारावर एल मध्ये, इंजिनच्या ब्रेकवर. आडव्या उतारावर गाडी घसरायला लागली तर स्टिअरिंग खालच्या बाजूला, मनाविरुद्ध वाटतं पण तेच वाचवतं. एटीव्हीवर चढताना अंग पुढे, उतरताना मागे, वळताना आतल्या बाजूला. पाणी ओलांडायचं तर गाईड आधी जाऊ दे, मग त्याच रेषेत, हळू, मध्ये न थांबता, आणि बाहेर आल्यावर ब्रेक दोन तीनदा हलके दाबून सुकवा.

वाटेत घोडे दिसले तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, ते लांब जाईपर्यंत बंदच ठेवा. सकाळी तुम्ही वर बसला होतात, तेव्हा मागून अशी गाडी आली असती तर काय झालं असतं ते आता कळतं.

आणि गाडी बीचवर घालू नका. बऱ्याच किनाऱ्यांवर त्याला बंदी आहे, आणि बंदी नसली तरी वाळूत कासवांची घरटी असतात, वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं वाळू धरून ठेवतात, एका टायरने ते जातं. गाईडच म्हणाला की चला वाळूवर एक राऊंड मारू, तर परवानगी कुठे आहे ते विचारा.

६. संपल्यावर

घोड्याचं खोगीर उतरवून पाय आणि तंगाची जागा गोड्या पाण्याने धुतली जातेय का ते बघा, मीठ आणि वाळू राहिली की उद्या तिथेच जखम होते. गाडी परत देताना परत व्हिडिओ, परत त्यांच्यासमोर, आणि डिपॉझिटची पावती हातात घेऊनच निघा.

मांड्यांच्या आतल्या बाजूला दुखणं दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे लगेच पुढच्या दिवशी डोंगर चढायचा प्लॅन ठेवू नका. डोक्याला मार लागला असेल तर हेल्मेट दिसायला ठीक असला तरी तो बाद, आतला फोम एकदाच दबतो, ऑपरेटरला सांगा म्हणजे दुसऱ्या कोणाला देणार नाहीत. आणि नंतर डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, झोप जास्त यायला लागली किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना.